उल्कावीराची विडी

डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या एका गावात सुमेधा नावाची चित्रकार राहत होती. ती मुलांसाठी चित्रांची पुस्तकं काढायची. तिच्या नायकाचं नाव उल्कावीर. तो आकाशातून झेप घ्यायचा, पुराचं पाणी छातीने अडवायचा, आणि राक्षसाला लोळवलं की कड्यावर बसून ऐटीत विडी ओढायचा. गावातली मुलं त्याच्यावर जीव टाकायची.

एके दिवशी गावचे प्रमुख गणोजीआबा गोठ्यामागे गेले आणि जागीच थिजले. त्यांची आठ वर्षांची नात मैना तिथे बसली होती. हातात विडीचं थोटूक. नाकातून धूर!

आबांना आता उमगलं. पोरीचा खोकला थांबत नव्हता, औषधांवर औषधं चालली होती, आणि कारण हे!

त्याच संध्याकाळी आबांच्या अंगणात पंच जमले. सुमेधाला बोलावणं गेलं.

"तुझ्या त्या उडाणटप्पूने आमची पोरं बिघडवली!" आबा गरजले.

सुमेधाचा चेहरा उतरला. "चूक झाली, आबा. विडी काढून टाकते." मग तिने समोर पाहिलं. सगळे पंच विड्या ओढत बसले होते. "पण मुलं तुम्हालाही बघतातच ना?"

"आम्ही काय चित्रात आहोत?" एक पंच खेकसले. "मोठ्यांना शिकवू नकोस, पोरी."

बंदी आली. जुनी पुस्तकं जाळली गेली. नव्या पुस्तकात उल्कावीर कड्यावर बसून कणीस खाऊ लागला. तरी पंचांचं समाधान होईना. एकाला आगगाडीचा धूर खटकला, तो पुसला. दुसऱ्याला चुलीचा खटकला, तोही पुसला. चित्रातल्या आज्या बिनधुराच्या चुलीवर भाकरी भाजू लागल्या. तिसऱ्याने तर ढगावरच बोट ठेवलं.

मैनाचा खोकला मात्र वाढतच गेला. वैद्यांनी तिच्या छातीला कान लावला आणि ते गंभीर झाले. "आबा, पोर अजून विडी ओढतेय. हे थांबलं नाही, तर माझ्या हातात काही उरणार नाही."

पुन्हा पंच जमले. पुन्हा सुमेधाला उभं केलं.

"लपवलेलं पुस्तक बाहेर काढ!"

"एकही उरलेलं नाही, आबा. तुम्हीच तर सगळी जाळलीत."

"मग ही शिकते कुठून?"

"तिलाच विचारा की!"

आबांचं डोकं तापलं. डोकं तापलं की त्यांना विडी लागायची. त्यांनी कानावरची विडी काढली आणि शेजारी बसलेल्या मैनाच्या हातात दिली. "जा गं, चुलीवरून पेटवून आण."

मैना आत पळाली. परत आली तेव्हा, एरवी न बघताच विडी घेणाऱ्या आबांनी मान वर केली. विडी तिच्या ओठांत होती. भराभर झुरके घेत, मध्येच खोकत, ती अख्खं अंगण ओलांडून आली.

"मैना! अगं, हे काय?" आबा किंचाळले.

मैना गोंधळली. "हातात धरून आणली की वाटेतच विझते, आबा. मग तुम्हीच म्हणता, एक काम धड करत नाहीस." तिने विडी पुढे केली. "घ्या ना, चटका बसतोय."

पंचांनी माना खाली घातल्या. आपल्या घरी विडी कोण पेटवून आणतं, हे एकेकाला आठवत होतं.

आबांनी विडी हिसकावली आणि पायाखाली चिरडली. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

मैना घाबरली. हळूच म्हणाली, "चुकलं का, आबा? दुसरी पेटवून आणू?"

तात्पर्य: मुलांच्या पुस्तकातली विडी पुसावीच, पण मोठ्यांनी आपल्याच हाताने मुलांच्या हाती काय दिलं आहे, ते त्याआधी पाहावं.