निजल्या माणसांचा सडा

मंडळी, चपला इथेच काढा. समोर जो उघडा कातळ दिसतोय, त्याला आम्ही निजल्या माणसांचा सडा म्हणतो; सडा म्हणजे असं उघड्या कातळाचं पठार. चारी बाजूंनी एवढं दाट रान, आणि मधेच हा काळपट दगड पसरलाय. वर गवताचं पातं नाही. वाकून बघा. हा हात पसरलेला पुरुष. ही बाई. तो मासा, आणि पलीकडे शिंगांचं जनावर. रेघा बोटभर खोल आहेत. कोणी कोरल्या, ते कुणालाच सांगता येत नाही. अभ्यास करणारे साहेब येतात, ते हजारो वर्षांची गोष्ट करतात. आम्हां गवळी धनगरांना एवढंच ठाऊक, की आमची पहिली म्हैस या डोंगरावर चढली त्याच्याही आधीपासून ही माणसं इथे निजलेली आहेत.

पूर्वी म्हणे या कातळावर कोणी पाय ठेवत नसे. निजलेल्यांना जाग आली तर धनगरवाडा राहणार नाही, असा धाक होता. वाड्याचा म्होरक्या गंगाजी झोरे, म्हणजे आमच्या घराण्यातलाच. त्याच्या बापानं मरताना त्याच्या हातावर भंडारा ठेवून शपथ घ्यायला लावली होती, की त्या कातळावर कोणाला जाऊ देणार नाही आणि स्वतःही जाणार नाही. गंगाजीनं ती चाळीस वर्षं पाळली. वासरू चुकून कातळावर गेलं तर कडेला उभं राहून हाका मारायच्या, आलं तर आपलं, नाही तर सोडून द्यायचं.

त्याची सून ठकू. नवरा तूप घेऊन खाली कोकणात गेलेला, आणि हिच्या कडेवर दोन वर्षांची पोर. फाल्गुन सरत आला होता. रान वाळून कडकडीत झालेलं. एका दुपारी खालच्या दरीतून धूर वर आला. वणवा दर वर्षीचाच, म्हणून कोणी फार मनावर घेतलं नाही. पण वारा फिरला, आणि आग वाड्याच्या मागच्या सोंडेवरही दिसली. खाली उतरायची वाट मधेच तुटली. माणसांनी म्हशी सोडल्या, पोरं उचलली आणि जिकडे धूर कमी तिकडे पळत सुटली. पळत पळत येऊन थांबली ती इथे, या कातळाच्या कडेला.

मागे आग. पुढे हा दगड. त्याच्यावर जळायला काहीच नाही, हे सगळ्यांना दिसत होतं. तरी पाऊल कोणी टाकेना. गंगाजी कातळाकडे पाठ करून काठी आडवी धरून उभा राहिला.

“मागं फिरा,” तो म्हणाला. “झऱ्याकडं चला.”

“झऱ्याकडं आग पोचली, मामंजी,” ठकू म्हणाली.

“पोचू दे. हितं पाय ठेवायचा न्हाई.”

तेव्हा ठकू जे बोलली, ते ऐकून म्हणे म्हशीसुद्धा हंबरायच्या थांबल्या.

“मी गेलते, मामंजी. पौषात. आपली रेडी वर गेलती, तिला आणायला. कुणाला बोलले न्हाई.”

मग मागून एकजण ओरडला, “हिनंच जागं केलंय त्यास्नी! ही आग हिनंच आणली!” दोघंतिघं तिच्या अंगावर धावले. धुरानं डोळे झोंबत होते, ठिणग्या डोक्यावरून उडत होत्या, आणि सगळ्यांच्या भीतीला आता एक तोंड सापडलं होतं. गंगाजीनं काठी उगारली. ठकूनं पोरीला छातीशी घट्ट धरलं, पण ती मागे सरली नाही.

“काय दिसलं तुला तिथं?” गंगाजीनं विचारलं.

“ती निजल्यात, मामंजी. त्यातली एक बाई हाय, तिच्या कुशीत रेडी बसलीती. मी रेडी उठवली. बाई उठली न्हाई.”

एवढं बोलून ती काठीखालून वाकली आणि कातळावर चालत गेली. मधोमध जाऊन उभी राहिली. जमीन हलली नाही, कोणी उठलं नाही. मग एक बाई पोराला घेऊन धावली, तिच्यामागे दुसरी, आणि मग माणसं, म्हशी, सगळी एकदमच. रानातली भेकरं आली. असं सांगतात, की एक वाघही आला आणि म्हशींपासून चार कासऱ्यांवर जीभ काढून बसून राहिला.

गंगाजी तेवढा कडेलाच, आता कातळाकडे तोंड करून. त्याच्या मागचं गवत पेटलं होतं.

“या, मामंजी!”

“तुम्ही वाचा. म्या भंडारा उचललाय.”

ठकूनं पोर दुसरीच्या हातात दिली आणि परत धावली. सासऱ्याच्या खांद्यावरचं घोंगडं ओढून तिनं कातळावर अंथरलं. “शपथ कातळाची हाय न्हवं? घोंगड्याची न्हाई. या ह्याच्यावर.”

आयुष्यात पहिल्यांदाच म्हाताऱ्याला सुनेनं ओरडून काही सांगितलं होतं. आच पाठीला लागली, तसा त्यानं पाय उचलला आणि घोंगड्यावर ठेवला. आग निवेपर्यंत तो त्या घोंगड्यावरच उभा होता, म्हणे. पडणारी ठिणगी ठकू हातानं विझवत होती. तिचे तळवे पुढे कायमचे काळे राहिले.

सांजेला वारा पडला. वरून पाहिलं, तर वाड्याच्या जागी नुसती राख. मघाशी ठकूवर ओरडलेला तोच माणूस पुन्हा म्हणाला, “बघा. म्हणलं व्हतं न्हवं? वाडा ऱ्हायला न्हाई.”

गंगाजीनं माणसं मोजली. एकदा, आणि मग पुन्हा. तेवीस होती. सकाळी होती तेवढीच.

“वाडा हाय,” तो म्हणाला. “ह्यो काय समोर उभा हाय.”

त्या दिवसापासून कातळावरची बंदी उठली. आजही फाल्गुन सरताना आमचा वाडा इथे येतो. सगळ्यांत धाकटी सून आधी कातळावर जाते. मग ती कडेशी घोंगडं अंथरते, आणि वाड्यातला सगळ्यांत वडील माणूस तिनं हाक दिल्याशिवाय पाय उचलत नाही. गेली तीन वर्षं तो मान माझ्याकडे आहे. माझी सून शिकलेली, खालच्या गावात अंगणवाडीत शिकवते. यंदा घोंगडं अंथरून ती दोन पावलं मागे सरली आणि म्हणाली, “या, मामंजी.” तेव्हा मी गेलो.