गेरू फासलेला रांजण

कुंभारवाडा गावाबाहेर होता, तेव्हाची गोष्ट. सगुणा कुंभारणीच्या अंगणात एक म्हातारा रांजण अंगाला गेरू फासून ऐटीत बसलेला असे. शेजारच्या मातीच्या गोळ्याला घागर व्हायचं होतं. रांजण त्याला येताजाता सुनावायचा, "तुम्हा पोरांना साधं तुडवूनही घेता येत नाही!"

"आजोबा, आव्यात भाजताना फार चटका बसतो का हो?" गोळ्याने एकदा भीत भीत विचारलं.

"आवा? आम्हा घरंदाजांना भाजून घ्यायची गरजच काय!"

सगुणाच्या नव्या सुनेला तो लाल रंग पाहून रांजण भाजलेलाच वाटला. तिने त्यात पाणी ओतलं आणि घरंदाज आजोबांचा बसल्या जागी चिखल झाला. सगुणाने तो गोळ्यातच ढकलला आणि तुडवायला घेतला.

"सरका, आजोबा," गोळा म्हणाला, "आणि नीट तुडवून घ्या."