घोटून घेतलेली प्रार्थना

एका गावात एक आई होती आणि तिचं म्हणणं कुणीच खरं धरत नव्हतं. तिचं नाव रिबकाबाई. माझी लेक सुवार्ता आतून वाढत नाही, तिचा विश्वास खुरटलाय, असं ती सगळ्यांना सांगत सुटली होती. नवरा हसला. चर्चच्या मंडळीतल्या बायका म्हणाल्या, हिला सुख दुखतंय. कारण सुवार्ताला स्तोत्रांमागून स्तोत्रं तोंडपाठ. पाळकांच्या पाठांतराच्या स्पर्धेत तिच्यापुढे कुणी टिकत नसे. रणभिसे पाळक तर म्हणाले, "बाई, अशी पोर मला दुसऱ्या घरात दाखवा."

पण रिबकाबाई रोज बघायची. प्रार्थनेत पोरीचे ओठ हलायचे आणि नजर खिडकीबाहेर. जूनमध्ये ती नर्सिंग शिकायला शहरात जाणार होती. तिथं एकटी पडली, अडचण आली, तर ही देवाला हाक तरी मारेल का? या धास्तीनं आईची झोप उडाली. मग तिनं एकच उपाय धरला. आणखी अध्याय, आणखी प्रार्थना. जेवणाची वेगळी, प्रवासाची वेगळी, आजाऱ्यासाठी वेगळी. शब्द चुकला की पुन्हा पहिल्यापासून.

एका दुपारी शेजारची सगुणा तान्हं बाळ घेऊन धावत आली. ताप चढलेला, बाळ डोळे फिरवत होतं. रिबकाबाईचा नवरा रिक्षा आणायला पळाला. रिबकाबाई पाण्याच्या घड्या ठेवू लागली. सगुणा म्हणाली, "सुवार्ता, तू तरी प्रार्थना कर गं."

पोरीनं डोळे मिटले आणि घडाघडा बोलली, "हे पित्या, या ताटातल्या अन्नाला आशीर्वाद दे."

तिचं तिलाच कळलं, ती थांबली. पुढे एक शब्द सुचेना. सगुणा तिच्याकडे बघतच राहिली. तेवढ्यात रिक्षा आली आणि बाळाला दवाखान्यात नेलं.

रिबकाबाई तडक पाळकांच्या दारात. "बघितलंत? मी केव्हापासून सांगते. तुम्ही पोरांचे पोपट केलेत."

पाळक बोलायच्या आत मागून आलेली सुवार्ता म्हणाली, "त्यांनी नाही, आई. लहानपणी मी आपल्या लंगड्या शेळीसाठी प्रार्थना केली होती. तू म्हणालीस, देवापुढं शेळ्या काय काढतेस, मी सांगते तसं म्हण. तेव्हापासून तुझंच म्हणतेय. माझं मी त्याच्याशी कधी बोललेच नाही."

 रिबकाबाई तशीच घरी परतली.

संध्याकाळी सगळे प्रार्थनेला बसले. बाळाला सलाईन लावलंय, एवढाच निरोप आला होता. सुवार्ताची पाळी आली. ती गप्प. आजाऱ्याची प्रार्थना रिबकाबाईच्या अगदी जिभेवर आली. तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला.  मग पोर अडखळत म्हणाली, "देवा, मला नीट बोलता येत नाही. मला भीती वाटते. त्या बाळाला सोडू नकोस. मलापण."

आमेन म्हणायचं ती विसरली. रिबकाबाईनं आठवण करून दिली नाही.

तात्पर्य: लेकराला देवाचं वचन जरूर शिकवा, पण देवाशी बोलायला त्याचं तोंड त्यालाच उघडू द्या, उसन्या प्रार्थनेवर कुणाचा विश्वास वाढत नाही. आणि तो खुरटला तर पाळकावर खापर फोडू नका, आधी घरातलं नाव घ्या: रिबकाबाई.