घाटातला सैल पट्टा

फार वर्षांपूर्वी, घाटात कच्चा रस्ता होता तेव्हा, एक जुनी जीप अडलेल्या बाळंतिणीला दवाखान्यात नेत होती. अर्ध्या चढावर इंजिन तापलं.

"रेडिएटरनेच घात केला!" ते ओरडलं.

"माझ्यात पाणी काठोकाठ आहे," रेडिएटर म्हणाला, "पण पंख्याचा वारा लागत नाही."

तेव्हा पंख्याचा पट्टा पुटपुटला, "मीच सैल पडलोय. म्हातारा म्हणून फेकतील, या भीतीने बोललो नाही."

इंजिनाला त्याच्यासोबत चढलेले सगळे घाट आठवले. "अरे, मला तरी सांगायचंस," ते म्हणालं.

ड्रायव्हर दाजीबांनी पट्टा दाबून पाहिला आणि पान्याने ताणून बसवला. बाई वेळेत पोहोचली.

जीप भंगारात जाईपर्यंत, चढ लागला की इंजिन आधी पट्ट्याला विचारायचं, "बरा आहेस ना रे?"