कुरणवाडीच्या डेअरीची सुधारणा

एका गावात एक दूध डेअरी होती, आणि त्या डेअरीत लिंबाजी नावाचा एक भोळा माणूस होता. वय पंचेचाळीस. सांगितलेलं काम त्यानं कधी चुकवलं नाही, आणि न सांगितलेलं कधी केलं नाही.

मंगळवार होता. सकाळचं दूध घालून बाया घरी गेल्या होत्या. लिंबाजी फरशी धूत होता. डेअरीच्या चेअरमन सरूबाई चहात बिस्किट बुडवत होत्या. तेवढ्यात तालुक्याच्या दूध संघाचा फोन आला. बिस्किट चहात पडलं.

बातमी अशी होती. कुरणवाडीचा कूलर, म्हणजे दूध थंड ठेवायची मोठी टाकी, कधीच पुरती भरत नाही. पंधरा दिवसांनी संघाचे अधिकारी येतील. त्या दिवशी कूलर काठोकाठ भरलेला दिसला तर राहील. नाही तर तो उचलून टेकवाडीला जाईल, आणि कुरणवाडीच्या बायांनी रोज दूध घेऊन टेकवाडीची चढण चढायची.

चढणीचं सरूबाईंना काही नव्हतं. पण टेकवाडीच्या चेअरमन त्यांच्या विहीणबाई होत्या, हौसाबाई. लेकीच्या लग्नात मठ्ठा कमी पडला होता, ते त्या अजून दर सणाला काढत. त्यांच्या दारात किटली घेऊन रांगेत उभं राहायचं?

"त्यापेक्षा मी म्हैस विकून शेळी घेईन," सरूबाई म्हणाल्या.

संघानं सुधारणेसाठी शहरातून एक साहेब पाठवले. नेर्लेकर साहेब. त्यांनी आल्या आल्या भिंतीवर चादरीएवढा कागद लावला. त्यावर नुसते चौकोन आणि बाण.

"हा तुमच्या डेअरीचा आराखडा."

"यात म्हैस कुठं आहे?" सरूबाईंनी विचारलं.

"म्हैस आराखड्याच्या बाहेर आहे."

"अगंबाई! मग दूध कोण देणार, बाण?"

साहेब लिंबाजीकडे वळले. "लिंबाजीराव, एक लक्षात ठेवा. डोळ्यांवर भरवसा ठेवायचा नाही. आधी आकडा, मग कृती."

"बरं साहेब, तसंच करतो."

तिसऱ्या दिवशी एक म्हैस दावं तोडून डेअरीत शिरली आणि तिनं पेंडीच्या पोत्यात तोंड घातलं. लिंबाजी वही घेऊन तिच्यासमोर बसला. सरूबाई आल्या तेव्हा दुसरं पोतं चाललं होतं.

"अरे मेल्या, हाकल की तिला!"

"थांबा वहिनी. मिनिटाला एकोणीस घास. अजून सरासरी निघायची आहे."

साहेबांनी कपाळाला हात लावला. "अहो, तिला दारातच अडवायचं! कोणीही यावं आणि सरळ आत घुसावं, हे चालणार नाही. जो येईल त्याला नंबर द्या. नंबर लागल्याशिवाय आत सोडायचं नाही."

"बरं साहेब, तसंच करतो."

दुसऱ्या दिवशी दूध न्यायला संघाचा टँकर आला. दारात सत्तर बाया उभ्या होत्या. लिंबाजीनं टँकरला एक्काहत्तरावा नंबर दिला.

"अरे बाबा, मी दूध न्यायला आलोय, घालायला नाही!" ड्रायव्हर म्हणाला.

"रांग ती रांग. त्या आक्काच्या मागं लावा."

"आक्का किटली घेऊन उभी आहे. मी टँकर घेऊन आलोय."

"मग जरा अंतर ठेवून उभे राहा."

चौतिसाव्या नंबरापर्यंत ड्रायव्हरनं दम धरला, मग रिकामा टँकर वळवून तो निघून गेला. त्या दिवशी गावात घरोघर बासुंदी झाली. दुसऱ्या दिवशीही बासुंदीच होती. तिसऱ्या दिवशी मांजरांनीसुद्धा तोंड फिरवलं.

साहेबांनी चौकशी केली. टँकरची वेळ कॅलेंडरवर लिहिलेली होती. ड्रायव्हरचा फोन नंबर सरूबाईंकडे होता. टँकर कशाला येतो, ही माहिती लिंबाजीच्या डोक्यात असायला हवी होती, म्हणजे ती कुठंच नव्हती.

"माहिती अशी विखुरली की हेच होतं," साहेब म्हणाले. "सगळी माहिती एकाच ठिकाणी गोळा करायची."

"माहिती म्हणजे काय, साहेब?"

साहेबांना हा प्रश्न फार आवडला. त्यांनी कपाटातून एक छोटी बाटली उचलली. प्रत्येक घरच्या दुधाचा नमुना अशा वेगळ्या बाटलीत ठेवत, मशीनवर तपासून भाव ठरवायला. "सांगा, यात काय आहे?"

"दूध."

"चूक! यात माहिती आहे."

लिंबाजी बराच वेळ बाटलीकडे बघत राहिला. मग त्याचा चेहरा उजळला. "बरं साहेब, तसंच करतो."

संध्याकाळी सत्तर घरांच्या सत्तर बाटल्या धुऊन उपड्या ठेवलेल्या होत्या, आणि मधोमध एक बादली.

"सगळी एकाच ठिकाणी गोळा केली, साहेब. थेंबभरही मागं ठेवली नाही."

"आता कुणाचं दूध कसं आहे ते कळणार कसं?"

"कुणाचं म्हणजे? सगळ्यांचंच आहे की."

मशीननं सत्तर घरांना मिळून एक आकडा दिला. बायांची अशी जुंपली की दोन किटल्या चेपल्या. एकटी गजराबाई खूश होती. तिचं दूध निम्मं हापशाचं असायचं. "पहिल्यांदा कुणी न्यायानं वागलं," ती म्हणाली.

साहेब फरशीवरच बसले. "लिंबाजीराव, हात जोडतो. यापुढं मला विचारल्याशिवाय काहीही बदलायचं नाही. जे जसं असेल तसंच राहू द्या. तुम्ही हात लावू नका, दुसऱ्या कुणाला लावू देऊ नका. आधी मला फोन. मी हो म्हणेन, मगच."

"बरं साहेब, तसंच करतो."

पंधरावा दिवस उजाडला. आदल्या संध्याकाळपासून गावात कुणी चहात दूध घातलं नव्हतं. नातवंडांना पेज दिली होती. गजराबाईनंसुद्धा पाणी न घालता दूध आणलं, तेव्हा लोक उठून बघायला आले. दहा वाजता कूलर काठोकाठ भरला. सरूबाईंनी झाकण उघडून आत पाहिलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

वेशीवर जीपचा हॉर्न वाजला. सरूबाईंनी साहेबलोकांच्या चहासाठी कूलरच्या खालच्या नळानं तांब्याभर दूध काढलं, ओवाळायचं ताट उचललं आणि लगबगीनं निघाल्या. नळ चालूच राहिला.

लिंबाजीनं नळाकडे पाहिलं. मनगटाएवढी धार होती. त्यानं साहेबांना फोन लावला. साहेब वेशीवर हारतुऱ्यांत होते. त्यांनी फोन कापला. लिंबाजीनं परत लावला. साहेबांनी परत कापला.

गजराबाई धावत आली. "अरे, दूध वाहतंय! नळ बंद कर बघू!"

लिंबाजी हात पसरून नळासमोर उभा राहिला. "हात लावायचा नाही. साहेबांनी हो म्हणायचं बाकी आहे."

गजराबाई वेशीकडे पळाली. तिथं अधिकाऱ्यांचं भाषण चाललं होतं. तिला कोणी बोलू दिलं नाही.

पाऊण तासानं सगळे डेअरीत आले. पुढं अधिकारी, मागं नेर्लेकर साहेब, त्यांच्यामागं गाव. जरीचं लुगडं नेसून हौसाबाईही मुद्दाम बघायला आल्या होत्या. अधिकाऱ्यांनी झाकण उचललं. आत बूड दिसत होतं. बाहेर गटार पांढरं होऊन ओढ्यापर्यंत गेलं होतं.

हौसाबाईंनी पदर सावरला. "विहीणबाई, उद्या जरा लवकरच या हं. आमच्याकडं रांग मोठी असते."

सरूबाईंनी ताट खाली ठेवलं.

"काळजी करू नका, वहिनी," कानाला फोन लावून लिंबाजी म्हणाला. "कुणाला हात लावू दिलेला नाही."

दोन हात अंतरावर उभ्या असलेल्या साहेबांच्या खिशात फोन वाजत होता.

"उचला की, साहेब," लिंबाजी म्हणाला. "एकदा हो म्हणा."

साहेबांनी फोन उचलला नाही. नळ बंद करायचा राहिला.