बाळकूनानांची करंगळी

फार वर्षांपूर्वीची, चांदमारीच्या माळावर एकही घर नव्हतं तेव्हाची ही गोष्ट. निनामवाडीचे बाळकू हवालदार फौजेतून परत आले आणि गावातल्या पोरांना नेमबाजी शिकवू लागले. रायफल होती शिकाऊ शिपायांची, बारीक नळीची, पॉइंट टू-टू. आवाज वाळकी काटकी मोडल्यासारखा. लोक चेष्टा करायचे, "नाना, हिनं चिमणी तरी मरंल का?" नाना हसत नसत. असल्याच रायफलीनं छावणीत त्यांचा सख्खा भाऊ गेला होता. 'रिकामी आहे' असं कुणीतरी म्हणालं आणि नानांनी चाप ओढला, असं म्हणतात.

तेव्हापासून नानांना एकच घोर होता, निदान आपल्या गावात तरी कुणी तसं मरू नये. रायफल हातात आली की नळीच्या मागचा बोल्ट उघडायचा आणि काडतूस बसतं तिथं करंगळीचं टोक टेकवायचं. गार पितळ लागलं, तर भरलेली. "डोळं फसत्यात, करंगळी फसत न्हाई," ते म्हणत. पोरं पाठीमागं त्यांची नक्कल करायची.

पुढं नाना अंथरुणाला खिळले. एके दिवशी त्यांचा चेला दौलू माळावरून रायफल घेऊन थेट घरी आला. करंगळी टेकवायची राहून गेली होती. घरात त्याची बायको हौसा भाकरी थापत होती. काय अवदसा आठवली मेल्याला! रायफल खांद्याला लावून म्हणाला, "हौसे, हात वर कर!"

"व्हा बाजूला, तवा तापलाय."

त्यानं हसत चाप ओढला. आवाज झाला नाही. खटकासुद्धा वाजला नाही. आत काहीतरी मऊ मध्ये आल्यासारखं त्याला वाटलं. त्यानं बोल्ट उघडला, तर भरलेलं काडतूस भुईवर पडलं. त्याच्यावर आतल्या खिळीचा टोला बसल्याची खूणच नव्हती.

दौलू तसाच नानांकडं धावला. दारात माणसं जमली होती. नाना नुकतेच गेले होते. त्यांची सून रडत म्हणाली, "पडल्या जागी एकदम 'थांब!' म्हनून वरडले, अन् हात पुढं केला." तो हात अजून तसाच ताठ होता. करंगळीच्या नखावर बारीक, खोल खाच पडली होती. बोटाला रायफलीच्या तेलाचा वास येत होता.

आजही निनामवाडीत नेम धरण्याआधी आणि धरून झाल्यावर प्रत्येक जण करंगळी टेकवतो आणि म्हणतो, "नाना, रिकामी." जत्रेतल्या फुगे फोडायच्या बंदुकीलाही तिथली पोरं आधी करंगळी लावतात. पण कधीकधी भर उन्हात, रिकाम्या रायफलीत, आधीच कुणाचं तरी गार बोट लागतं, असं म्हणतात. मग रायफल कुलपात जाते, आणि त्या दिवशी हौसाच्या घरी पहिली भाकरी नानांच्या नावानं बाजूला काढतात.