ढवळीचा घास

दौलतराव देसायांच्या मिशा लांब अन् हात आखडता. कोठीच्या किल्ल्या झोपेतसुद्धा कमरेला. बाजाराच्या आधीच भाजीची टोपली रिकामी दिसली, तसे ते धाकट्या सुनेवर, पारूवर, उखडले.

"भाजी माहेरी पोचवतेस होय? आता बाजारापर्यंत दमडी मिळायची नाही. उद्या माझ्या ताटात भाजी नसली, तर तूही माहेरी."

पारू म्हणाली, "बरं, मामंजी."

दुसऱ्या दिवशी ताट आलं अन् म्हाताऱ्याचे डोळेच विस्फारले. तीळ घालून परतलेली खमंग चटणी, मोहरीची फोडणी दिलेली रसाची भाजी, कडेनं कुरकुरीत थालीपीठ. खोटं कशाला बोलू, असली चव त्यांनी लग्नाच्या पंगतीतही चाखली नव्हती. बोटं चाटली, ताट पुसलं, अन् मगच त्यांना राग आठवला.

"म्हणजे माल लपवला होतास. सापडली चोर."

"चोरी केली खरी," पारू म्हणाली. "पण मालकिणीसमोरच कबूल करते. चला."

तिनं त्यांना गोठ्यात नेलं. ढवळी गाय रिकामी पाटी चाटत उभी होती.

"कालच्या दोडक्याच्या शिरा, दुधीच्या साली, कलिंगडाची पांढरी पाठ, सगळं हिच्या पाटीत जायचं होतं. हिचा घास चोरला मी अन् खाल्ला तुम्ही. आता माहेरी कुणी जायचं, ते हिलाच विचारा."

ढवळीनं मान वळवून असं बघितलं, की दौलतरावांनी कमरेच्या किल्ल्या सोडून सुनेच्या हातात ठेवल्या.

"कोठीतली पेंड हिला घाल," ते हळूच म्हणाले. "अन् उद्याही हिचाच घास चोर."